ब्लूटोचा ब्रूटस कसा झाला: एका नावाच्या गैरसमजाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पॉपायची कार्टून्स पाहिलेल्या कुणालाही त्याचा दुश्मन आठवतो. काळी दाढी, दारात मावणार नाही असा देह, पॉपायच्या प्रेयसीला, ऑलिव्हला, उचलून पळणारा आणि पालकाचा डबा उघडला की ठोसा खाऊन उडणारा. त्याचं नाव विचारलं की मात्र दोन उत्तरं येतात. कुणी ब्लूटो सांगतं, कुणी ब्रूटस, आणि दोघंही खरंच बोलत असतात. या दोन नावांमागे १९६०च्या सुमारास एका कंपनीने घेतलेला निर्णय आहे. स्वतःच्याच मालकीचं नाव दुसऱ्याचं असावं असं वाटून तिने ते वापरणं सोडलं.

पात्रांचे हक्क, परवाने, भाषांतराचे करार यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, त्यांच्या उपयोगाचं हे प्रकरण आहे. यातल्या कंपन्या, कलाकार आणि तारखा सार्वजनिक नोंदीतल्या आहेत. प्रत्यक्ष निर्णय घेणारी माणसं मात्र इथे निनावी ठेवली आहेत. चूक कुणाची यापेक्षा ती कुठल्या वळणावर झाली हे पाहायचं आहे.

सुरुवात वर्तमानपत्रातून होते. एल्झी सेगार या चित्रकाराने ‘थिंबल थिएटर’ ही कॉमिक स्ट्रिप डिसेंबर १९१९मध्ये सुरू केली. हर्स्ट समूहाची किंग फीचर्स सिंडिकेट ती ठिकठिकाणच्या वर्तमानपत्रांना पुरवायची. पॉपाय तिच्यात आला १७ जानेवारी १९२९ला, तोही एका सफरीसाठी जहाजावर घेतलेला खलाशी म्हणून. सफर संपली की त्याचं काम संपायचं होतं. पण वाचकांनी त्याला असं उचलून धरलं की थोड्याच काळात स्ट्रिपचे मूळ नायक मागच्या बाकावर गेले.

ब्लूटोच्या वाट्याला असं काही आलं नाही. १२ सप्टेंबर १९३२ रोजी, आठव्या समुद्राच्या शोधाची कथा चालू असताना, ‘ब्लूटो द टेरिबल’ या नावाचा एक धिप्पाड समुद्री गुंड स्ट्रिपमध्ये शिरला. पॉपायशी त्याची जंगी मारामारी झाली, कथा संपली आणि तोही गेला. सेगारने त्याला पुन्हा बोलावलं नाही. सेगारच्या जगात कायमची खलनायिका होती ती समुद्रावरची चेटकीण, सी हॅग. रोज छापायच्या स्ट्रिपमध्ये असे गुंड येत आणि जात. त्यांचा वेगळा हिशेब ठेवायची गरज तेव्हा कुणाला वाटली असेल असं नाही.

त्याच काळात फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओने सिंडिकेटकडून पॉपायच्या कार्टूनपटांचा परवाना घेतला. या कार्टूनपटांचं वितरण पॅरामाउंट करत असे. पहिला कार्टूनपट जुलै १९३३मध्ये आला आणि ब्लूटो त्याच्यातच होता. स्टुडिओने नेमका हाच गडी का उचलला ते समजायला अवघड नाही. सेगार एक कथा महिनोन्महिने चालवायचा, त्यामुळे त्याला दर वेळी नवा शत्रू परवडायचा. सिनेमागृहात मूळ चित्रपटाआधी सहा-सात मिनिटंच मिळत. तेवढ्यात भांडण पेटवून विझवायचं तर पडद्यावर येताक्षणी ओळखू येईल असा एकच शत्रू हवा. ब्लूटो आला, ऑलिव्हच्या मागे लागला, पॉपायला बदडलं, पालक आला, संपलं.

१९३३ ते १९५७ या काळात आधी फ्लायशर आणि १९४२नंतर पॅरामाउंटचाच कार्टून विभाग असलेला फेमस स्टुडिओज यांनी मिळून सव्वादोनशेहून जास्त कार्टूनपट काढले. ब्लूटो कधी नौदलातला सोबती असे, कधी लाकूडतोड्या, कधी उनाड प्रियकर. १९३६च्या एका लांब रंगीत कार्टूनपटात तो सिंदबाद झाला, पुढच्या वर्षी अबू हसन नावाचा दरोडेखोर. नावं आणि कपडे बदलले तरी प्रेक्षकाला माणूस तोच दिसायचा. या पात्राची ओळख नावाइतकीच दाढी, छाती आणि घोगऱ्या हसण्यावर उभी होती. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढे नावाबरोबर शरीरालाही हात लागला.

थोडक्यात, नाव वर्तमानपत्रात जन्मलं आणि मोठं झालं सिनेमात. वर्तमानपत्रातला जन्म एका कथेपुरता होता, तर सिनेमातलं आयुष्य चोवीस वर्षांचं. सेगार १९३८मध्येच वारला होता. १९५०चं दशक संपेपर्यंत लोकांच्या डोळ्यांसमोर असलेला ब्लूटो पूर्णपणे सिनेमाचा होता.

समस्या

१९५६मध्ये पॅरामाउंटने हे जुने कार्टूनपट असोसिएटेड आर्टिस्ट्स प्रॉडक्शन्स या कंपनीला विकले आणि तिने ते टीव्ही केंद्रांना पुरवायला सुरुवात केली. टीव्हीवर पॉपाय जोरात चालला. सिनेमागृहात अधूनमधून दिसणारा गडी आता रोज संध्याकाळी घरात यायला लागला. पॉपाय हे पात्र सिंडिकेटचं होतं, पण त्या फिल्म्स तिच्या नव्हत्या. मागणी आहे आणि पात्र आपलं आहे, तर आपणच टीव्हीसाठी नवी मालिका काढावी, हा विचार व्यापारी दृष्टीने सरळ होता.

मालिकेसाठी खलनायक लागणार आणि तो ब्लूटोच असणार हे कुणीही सांगितलं असतं. इथे शंका आली: ब्लूटो हे नाव आपण वापरू शकतो का? तो सिनेमातला आहे, सिनेमे पॅरामाउंटचे, मग नावही पॅरामाउंटचं असेल.

शंका हास्यास्पद नव्हती. परवाना घेणाऱ्याने आपल्या कामात स्वतः घडवलेलं नवं पात्र कुणाचं, हा प्रश्न आजही करारात स्पष्ट लिहिला नाही तर डोकेदुखी होतो. ब्लूटो खरोखरच फ्लायशरच्या टेबलावर जन्मला असता तर सिंडिकेटची सावधगिरी शहाणपणाची ठरली असती. सगळा प्रश्न एका गोष्टीवर अडला होता, हा माणूस आधी कुठे दिसला? स्ट्रिपमध्ये सप्टेंबर १९३२, पडद्यावर जुलै १९३३. दहा महिन्यांचं अंतर. स्ट्रिप सिंडिकेटची होती, तेव्हा नावही तिचंच होतं.

ही शंका १९६०मध्ये अचानक उगवली नसावी. त्याआधीच्या पॉपायच्या काही खेळण्यांवर आणि वस्तूंवर या दाढीवाल्याला ब्लूटो म्हटलेलं नाही. कुठे तो ‘मीन मॅन’ आहे, कुठे नुसता ‘पॉपायचा द्वेष करणारा तो दांडगा’. कॉमिक पुस्तकांमध्ये बड सॅगेनडॉर्फ या चित्रकाराने १९५०च्या दशकात तशाच चणीचा ‘सनी बॉय’ आणला, आणि त्याला सी हॅगचा मुलगा करून टाकलं. सिनेमागृहातलं प्रत्येक पोर ज्याला ब्लूटो म्हणत होतं, त्याला छापील जगात नावाने हाक मारायला कुणी धजावत नव्हतं असं दिसतं. या टप्प्यावर एखाद्याने हे नाव का टाळतोय असं विचारलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय स्वतःचं दप्तर उघडून पाहण्याचा. सोपा वाटतो, पण आजच्या सवयीने त्याच्याकडे पाहू नये. चाळीस वर्षांची दैनिक स्ट्रिप म्हणजे बारा हजारांवर पट्ट्या. शोधचौकटीत नाव टाकलं आणि पान उघडलं अशी सोय नव्हती. प्रुफांचे आणि कात्रणांचे गठ्ठे एकेक करून चाळायचे, आणि तेही ‘या नावाचा कुणी असेल तर’ एवढ्या अंधुक आशेवर. तरीही १९३३मध्ये स्टुडिओने ब्लूटो वापरायला सुरुवात केली एवढं माहीत असताना त्याच्या आधीची एक-दोन वर्षं चाळणं हे एका कारकुनाचं काही दिवसांचं काम होतं. शिवाय ज्या सॅगेनडॉर्फकडे आता पॉपाय होता, तो एके काळी सेगारचाच मदतनीस होता. जुन्या कथांबद्दल विचारायला तो जवळचा माणूस होता.

दुसरा पर्याय पॅरामाउंटला लेखी विचारण्याचा. याला धोका होता. आपण विचारलं म्हणजे आपल्याला खात्री नाही हे समोरच्याला कळतं, आणि ज्याच्याकडे काही नव्हतं तोही हक्क सांगायला पुढे सरसावू शकतो. वकील म्हणूनच असं पत्र टाळायला सांगतात, आणि त्यांचं चूक नसतं. पण इथे परिस्थिती वेगळी होती. नव्या मालिकेचं काम ज्या स्टुडिओंना वाटून दिलं, त्यांत पॅरामाउंटचा स्वतःचा कार्टून विभागही होता. ज्याला काम देतो आहोत त्याच्या करारात ‘या मालिकेतली सर्व पात्रं व नावं सिंडिकेटची’ एवढं एक कलम घालून घेणं कठीण नव्हतं.

तिसरा पर्याय अगदी नवा खलनायक उभा करण्याचा. कायद्याने स्वच्छ, पण टीव्हीवर जुनी कार्टून्स शेजारीच चालू असताना मुलांनी नव्याला स्वीकारलं नसतं. सी हॅग होतीच आणि नव्या मालिकेत ती आलीही, पण ऑलिव्हसाठीची मारामारी तिच्यावर रंगवता येत नाही.

चौथा पर्याय निवडला गेला. माणूस जवळजवळ तोच ठेवायचा, नाव कानाला जवळचं पण वेगळं द्यायचं आणि शरीर थोडं बदलायचं. ज्याने कुणी हे सुचवलं त्याला त्या दिवशी हा स्वस्तातला तोडगा वाटला असणार. शोधायला कुणी लागत नाही, कुणाला पत्र जात नाही, काम उद्यापासून सुरू.

केलेली कृती

अल ब्रोडॅक्स यांच्या निर्मितीखाली १९६० ते १९६२ या काळात टीव्हीसाठी २२० भाग निघाले. काम इतकं होतं की ते अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या वेगवेगळ्या स्टुडिओंना वाटून दिलं. त्यामुळे एका भागात चित्रं बरी आणि पुढच्यात घाईची, असा प्रकार आहे. खलनायकाचं नाव सगळीकडे एकच, ब्रूटस.

ब्लूटोची छाती रुंद आणि कंबर बारीक होती, पहिलवानाची. ब्रूटसचा देह पोटाकडे उतरला. तो जाडा, बेढब आणि थोडा बावळट झाला. दाढी राहिली, स्वभाव राहिला, दरारा कमी झाला.

आवाज मात्र तोच होता. १९४०च्या दशकापासून ब्लूटोला आवाज देणारे जॅक्सन बेक आता ब्रूटसला आवाज देत होते. पॉपायसाठी जॅक मर्सर आणि ऑलिव्हसाठी मे क्वेस्टेल हेही जुनेच. डोळे मिटून ऐकणाऱ्याला काहीच बदललेलं नव्हतं. आणि पॅरामाउंटच्या ज्या विभागाच्या चित्रकारांनी वर्षानुवर्षं ब्लूटो काढला होता, त्याच विभागातून आता ब्रूटस निघत होता. ज्याच्या हक्काच्या भीतीने नाव बदललं त्याच्याच कारखान्यात नवं नाव तयार होत होतं. या प्रकरणात हसू येण्यासारख्या जागा बऱ्याच आहेत, पण माझ्या मते ही सगळ्यांत वरची.

छापील पॉपायनेही टीव्हीचं नाव उचललं. स्ट्रिप आणि कॉमिक पुस्तकांतून, खेळण्यांवरून ब्रूटस पसरला. म्हणजे ज्या स्ट्रिपमध्ये ब्लूटो जन्मला होता, तिथेच आता ब्रूटस नांदायला लागला.

परिणाम

त्या काळी टीव्हीसमोर बसलेल्या मुलाला जुने आणि नवे असे दोन्ही पॉपाय दिसत. एकात दाढीवाल्याला ब्लूटो म्हणतात, दुसऱ्यात ब्रूटस, आवाज एक, डाव एक. मुलांनी ही गोष्ट फार मनावर घेतली नसावी. मुलं अशा विसंगती सहज पचवतात. गोंधळ मोठ्यांचा झाला, आणि त्यातही पुढे ज्यांना या पात्राचे हक्क विकायचे किंवा विकत घ्यायचे होते त्यांचा.

व्हिडिओ गेमचं उदाहरण यात सगळ्यांत रंजक. १९८१मध्ये निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीला पॉपायवर गेम करायचा होता आणि तिचे गेम रचणारे शिगेरू मियामोतो यांच्या डोक्यात पॉपाय, ब्लूटो आणि ऑलिव्ह हा त्रिकोण होता. परवाना जमला नाही. मग ब्लूटोच्या जागी गोरिला आला, पॉपायच्या जागी सुतार, ऑलिव्हच्या जागी त्याची प्रेयसी. तो गेम म्हणजे डाँकी काँग, आणि तो सुतार पुढे मारिओ म्हणून जगभर गेला. पुढच्याच वर्षी निन्टेन्डोला पॉपायचा परवाना मिळाला आणि खरा पॉपायचा गेम निघाला. त्यात शिड्यांवरून पॉपायच्या मागे लागणारा दाढीवाला कोण, तर ब्रूटस. एकाच कंपनीकडे, एका वर्षाच्या अंतराने, हाच माणूस एकदा वानर झाला आणि एकदा ब्रूटस. ब्लूटो मात्र झाला नाही.

त्याआधीच चाक उलटं फिरायला लागलं होतं. १९७८मध्ये हॅना-बार्बेरा या कार्टून स्टुडिओने टीव्हीसाठी नवी मालिका काढली. तिच्यात नाव परत ब्लूटो झालं आणि देहही परत पहिलवानाचा. १९८०च्या चित्रपटात पॉल स्मिथ यांनी केलेलं पात्रही ब्लूटोच. म्हणजे १९८२च्या सुमारास थिएटरात ब्लूटो, गेमच्या दुकानात ब्रूटस, वर्तमानपत्रात ब्रूटस आणि टीव्हीवर दोघंही, अशी स्थिती होती. परवाना एकाच घरातून निघत होता.

आपल्याकडे हा घोळ फारसा जाणवला नाही, आणि त्याला कारण आहे. जुने कार्टूनपट हातोहात फिरत १९८६मध्ये टीव्ही उद्योजक टेड टर्नर यांच्याकडे आले. त्यांच्याच कंपनीचं कार्टून नेटवर्क १९९५मध्ये भारतात सुरू झालं. केबलवर पॉपाय पाहत वाढलेल्या इथल्या पिढीने मुख्यतः सिनेमागृहांसाठी काढलेली जुनी कार्टून्स पाहिली, म्हणून आपल्या तोंडी ब्लूटो बसला. अमेरिकेत साठच्या दशकात वाढलेल्या माणसाशी यावर वाद घातला तर तो ब्रूटसच म्हणेल.

मग जुळे भाऊ

दोन नावं प्रचारात आल्यावर सिंडिकेटपुढे तीन वाटा होत्या. ब्रूटस हे नाव चुकीने दिलं होतं असं जाहीर करून बंद करायचं, दोन्ही नावं जशी आहेत तशी चालू द्यायची, किंवा दोघांना वेगळी माणसं करायचं. पहिलीत ब्रूटसवर वाढलेल्या वाचकांचा अपमान होता. दुसरीत घोळ तसाच राहत होता.

रविवारच्या स्ट्रिपचे चित्रकार हाय आइझमन यांनी २००८-०९च्या सुमारास तिसरी वाट घेतली आणि ब्लूटो हा ब्रूटसचा जुळा भाऊ असल्याचं दाखवलं. यावर चाहत्यांत दोन मतं आहेत. काहींना हा कागदोपत्री चुकीवर घातलेला रंगाचा हात वाटतो. मला उपाय पटतो. १९६०मध्ये नुसतं नाव बदललं असतं तर जुळे भाऊ करणं हास्यास्पद झालं असतं. पण शरीर आणि थोडाफार स्वभावही बदलला होता, आणि अर्धं शतक वेगळं जगल्यावर ब्रूटसला स्वतःचं काहीतरी मिळालं होतं. त्याला ब्लूटोमध्ये परत कोंबणं हा दुसरा अन्याय झाला असता. शिवाय जुन्या हिंदी सिनेमांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांनी जुळ्या भावांना नाकं मुरडावीत हे शोभत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

एक, पात्रांची नोंदवही. पात्राचं नाव, पहिल्यांदा कधी छापलं, कुठल्या पानावर, कुणी काढलं, एवढे चार रकाने. १९३३मध्ये परवाना देतानाच स्टुडिओला ‘आमच्याकडची ही पात्रं तुम्ही वापरताय’ अशी यादी दिली असती तर १९६०ला प्रश्नच उठला नसता. एका कथेपुरतं आलेलं पात्र नोंदण्याचा कंटाळा सगळीकडे असतो. मराठी बालमासिकांत वर्षानुवर्षं चाललेल्या चित्रकथांची अशी नोंद किती ठिकाणी सापडेल, याची मला शंकाच आहे.

दोन, शंका आली की तिच्याबरोबर तिचं कारणही लिहून ठेवणं. ‘ब्लूटो टाळा’ हा आदेश खाली झिरपतो, कारण झिरपत नाही. दहा वर्षांनी टाळणाऱ्यांना आपण का टाळतोय हे ठाऊक नसतं, आणि तोवर टाळणं हाच पुरावा झालेला असतो. आपण इतकी वर्षं वापरलं नाही म्हणजे ते आपलं नसणारच, अशी समजूत घट्ट होत जाते.

तीन, तात्पुरता निर्णय तात्पुरता आहे असं करारात म्हणणं. घाई खरी होती. टीव्ही केंद्रं थांबणारी नव्हती. पहिल्या काही भागांत बिननावाचा दाढीवाला चालवून, त्या काळात दप्तर तपासून, मग नाव ठरवता आलं असतं. मुलांना नाव लागतंच असं नाही. सिंदबाद आणि अबू हसन त्यांनी विनातक्रार खपवून घेतले होते.

चौथी गोष्ट मी मुद्दाम सुचवत नाही, ती म्हणजे वकिलाला आधी विचारणं. वकिलाला तुम्ही दिलेल्या माहितीवर मत द्यायचं असतं. ‘हे पात्र सिनेमातलं आहे’ अशी माहिती देऊन विचारलं असतं, तर त्यानेही नाव बदला असंच सांगितलं असतं.

सध्याची स्थिती

१९२९च्या स्ट्रिपमधला पॉपाय १ जानेवारी २०२५ला अमेरिकेत कॉपीराइटमधून मुक्त झाला. १९३२च्या स्ट्रिपची ९५ वर्षं २०२७च्या अखेरीस भरतील, म्हणजे ब्लूटोची पाळी १ जानेवारी २०२८ला येईल. ट्रेडमार्कचे हक्क त्यानंतरही वेगळे राहतील, आणि टीव्हीवरचा जाडा ब्रूटस या मुक्ततेत येणार नाही. त्या तारखेनंतर कुणाला हा खलनायक वापरायचा असेल, तर त्याने १९३२च्या पट्ट्यांतला समुद्री गुंड समोर ठेवून काम करावं, आणि त्या पट्ट्यांच्या तारखांसकट प्रती आपल्या फायलीत आधी लावून घ्याव्यात.